मोठ्या मापाचे गिऱ्हाईक परत का जाते?

व्यायामाच्या कपड्यांचा धंदा : टेलर, कारागीर व कापड दुकानदार बंधूंसाठी एक पाठ

साखरेचा आजार निघाला, रक्तदाब वाढला किंवा गुडघे दुखू लागले की डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे रोज चाला आणि वजन उतरवा. सांगणे सोपे आहे. पण ज्याचे वजन जास्त आहे त्याने चालायला जाताना अंगात काय घालायचे, हा प्रश्न दवाखान्यात कोणी काढत नाही. तो प्रश्न घेऊन माणूस आपल्या दुकानात येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळते, "तुमच्या मापात येत नाही."

या उत्तराने दोन नुकसाने होतात. गिऱ्हाईक परत जाते, हे पहिले. दुसरे त्याहून मोठे. चारचौघांत असे ऐकलेला माणूस पुन्हा दुकानात विचारायला जात नाही, आणि पुष्कळदा चालायलाही जात नाही. ज्याला व्यायामाची सर्वांत जास्त गरज त्यालाच व्यायामाचा कपडा मिळत नाही, असा हा उलटा बाजार आहे.

हा माल बाजारात का नसतो आणि तो कोण देऊ शकतो, याचा विचार या लेखात केला आहे. निष्कर्ष आधीच सांगून ठेवतो. मोठा कारखाना हा माल टाळतो ते गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, तर त्याच्या हिशोबात हा माल बसत नाही म्हणून. माप घेऊन शिवणाऱ्या लहान कारागिराच्या हिशोबात मात्र तो नीट बसतो. रेडीमेडने ज्या टेलरचे काम खाल्ले, त्याच्यासाठी रेडीमेडनेच सोडलेली ही जागा आहे.

गिऱ्हाईक किती आणि कुठे?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरातल्या २४ स्त्रिया आणि सुमारे २३ पुरुष जादा वजनाचे आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे सुमारे २१ आणि १९ होते. शहरातील स्त्रियांत प्रमाण शंभरात ३३ पर्यंत गेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तर शंभरातल्या जवळजवळ ४० प्रौढांच्या कमरेभोवती आरोग्याला घातक इतकी चरबी असल्याचे दिसले.

हे सगळेच लोक मोठ्या मापाचे गिऱ्हाईक आहेत असे समजू नये. त्यांतले पुष्कळजण नेहमीच्या एक्सएलमध्ये बसतात. पण जे बसत नाहीत त्यांच्यासाठी लहान गावातल्या दुकानात बहुधा एकही नग नसतो. शंभर गिऱ्हाइकांत चार-पाचच असे आले तरी त्यांना विकण्याच्या शर्यतीत दुसरा कोणी दुकानदार उभा नाही, हे लक्षात घ्यावे.

आता आपल्या भागाकडे पाहू. खालापूर तालुक्यातले कुंभिवली घ्या. आसपास कारखाने, पलीकडे खोपोली, त्यापुढे कर्जत. पहाटे रस्त्याच्या कडेने चालणारी माणसे आता या गावांतही दिसतात. बायका साडीवर किंवा गाऊनवर ओढणी घेऊन आणि पायात बूट घालून चालतात, पुरुष जुन्या पँटवर चालतात. घाट चढून गेले की लोणावळा, जिथे कैवल्यधाम ही योगाची संस्था १९२४ पासून चालू आहे. म्हणजे व्यायाम या भागाला नवा नाही. नवा आहे तो व्यायामाचा कपडा, आणि मोठ्या मापात तो हवा असेल तर माणसाला लोकलने कल्याण-ठाण्याकडे जावे लागते किंवा मोबाइलवरून मागवावा लागतो.

मोबाइलवर आज पाच एक्सएलपर्यंतचा माल दिसतो हे खरे. पण एका कंपनीचा तीन एक्सएल दुसरीच्या डबल एक्सएलएवढा निघतो. कपडा हाताला लावून पाहता येत नाही, ताणून पाहता येत नाही. नाही बसला तर परत पाठवा, पुन्हा वाट पाहा. दोनदा असे झाले की माणूस नाद सोडतो.

माल का येत नाही : तीन कारणे

पहिले कारण सेटचे. घाऊक बाजारात रेडीमेड माल सेटने मिळतो. समजा डझनाचा सेट असला तर त्यात एम तीन, एल चार, एक्सएल तीन आणि डबल एक्सएल दोन, असा काहीतरी हिशोब असतो. डबल एक्सएलवर सेट संपतो. त्यापुढची मापे "बिग साइझ" म्हणून वेगळी, वेगळ्या भावाने आणि थोड्याच रंगांत मिळतात. लहान गावातला दुकानदार विचार करतो की बारा नगांचा वेगळा सेट घेऊन तो पडून राहिला तर पैसे अडकतील. म्हणून तो घेत नाही. तो घेत नाही म्हणून घाऊकवाला ठेवत नाही, आणि घाऊकवाला ठेवत नाही म्हणून कारखाना कमी काढतो. शेवटी तिघेही म्हणतात की मागणी नाही.

दुसरे कारण मापाच्या तक्त्याचे. कारखान्यात प्रत्येक मापाचा नमुना वेगळा बनत नाही. मधल्या मापाचा एक नमुना पक्का करतात आणि ठरलेल्या इंचांनी तो वाढवत नेतात. दोन-तीन मापांपर्यंत हे जमते. त्यापुढे बिघडते, कारण शरीर सगळीकडून सारखे वाढत नाही. पोट, मांडी, दंड वाढतात. खांद्याचे हाड आणि हाताची लांबी काही वाढत नाही. म्हणून चार एक्सएलचा टी-शर्ट घातला की खांदा दंडावर उतरतो, बाही कोपराखाली येते, आणि पोटावर मात्र तो घट्टच राहतो. गिऱ्हाईक समजते की आपले अंगच वाईट. वास्तविक चूक नमुन्याची असते.

आपल्या देशाचा स्वतःचा मापाचा तक्ताच नव्हता, हीही यातली गोष्ट. आपले कारखाने इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवर थोडाफार फरक करून चालत आले. म्हणून केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था यांनी 'इंडिया साइझ' नावाची पाहणी हाती घेतली. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजारांवर स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यावयाची अशी तिची आखणी होती.

तिसरे कारण पन्ह्याचे. हे कटिंग मास्टरला चटकन समजेल. ६० इंच पन्ह्याच्या कापडात नेहमीच्या ट्रॅक पँटचे चारही भाग शेजारी-शेजारी बसतात, आणि पँटच्या उंचीएवढे कापड पुरते. माप वाढता वाढता एक वेळ अशी येते की चार भाग पन्ह्यात मावत नाहीत. मग एक भाग खाली घ्यावा लागतो आणि कापड एकदम जास्त लागते. थानांचे थर लावून एका वेळी शेकडो नग कापणाऱ्या कारखान्याला ही उडी नकोशी वाटते. त्याचा सगळा नफा त्या थरातले कापड वाचवण्यात असतो.

हिशोब मांडून पाहा

निटचे कापड किलोवर विकले जाते. पुढील भाव केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या बाजाराचे भाव घालून हाच हिशोब करावा.

समजा कापडाचे वजन चौरस मीटरला २४० ग्रॅम, पन्हा दीड मीटर आणि भाव किलोला ४५० रुपये आहे.

नेहमीच्या मापाच्या ट्रॅक पँटला १ मीटर १० सेंटिमीटर कापड लागले. म्हणजे १.६५ चौरस मीटर, वजन ३९६ ग्रॅम, किंमत सुमारे १७८ रुपये.

मोठ्या मापाला १ मीटर ७० सेंटिमीटर लागले. म्हणजे २.५५ चौरस मीटर, वजन ६१२ ग्रॅम, किंमत सुमारे २७५ रुपये.

फरक ९७ रुपयांचा आहे. इलॅस्टिक, दोरा आणि शिलाईत आणखी तीस-चाळीस रुपये धरा. म्हणजे मोठे माप करण्यात जादा खर्च फार तर सव्वाशे-दीडशे रुपये. शिवाय उरलेल्या तुकड्यांतून खिसे, कमरपट्टी आणि आसनातला जोड निघतो.

जादा कापडाचे पैसे घ्यावेत, जादा वजनाचा दंड घेऊ नये. गिऱ्हाइकाला फरक समजावून सांगितला तर तो आनंदाने देतो. पण याच मालाला दुप्पट भाव लावला तर ते त्याला टोचते आणि तो पुन्हा येत नाही. धंद्यात बरकत परत येणाऱ्या गिऱ्हाइकाने असते.

ज्यांनी ही जागा ओळखली

ही जागा भरून काढणारे बहुधा लहान कारागीरच होते, याला जगात दाखले आहेत.

लेना ब्रायंट ही लिथुआनियातून न्यूयॉर्कला आलेली गरीब शिवणकाम करणारी बाई. नवरा वारला, पदरात लहान मूल. १९०४ मध्ये तिने स्वतःचे लहान दुकान काढले. बँकेच्या कागदावर लेनाचे 'लेन' झाले आणि 'लेन ब्रायंट' हेच दुकानाचे नाव पडले. तिने प्रथम गरोदर स्त्रियांचे कपडे शिवले, जे त्या काळी कोणी उघड विकत नव्हते. पुढे तिच्या लक्षात आले की मोठ्या अंगाच्या बायकांना कोणीच विचारत नाही. तिचा दुसरा नवरा इंजिनियर होता. त्याने अंदाजावर काम न करता सुमारे साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापे घेतली आणि मोठे अंग एकाच ठेवणीचे नसते हे ओळखून त्याप्रमाणे नमुने बसवले. १९२० नंतरच्या दशकात मोठ्या मापाच्या कपड्यांची विक्री पहिल्या धंद्याच्या पुढे गेली. ते नाव शंभर वर्षांनंतरही अमेरिकेच्या बाजारात टिकून आहे. यशाचे मूळ टेपमध्ये होते.

दुसरा दाखला अहेदा झनेटी यांचा. लेबनॉनमधून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या या बाईंनी सिडनीत आपल्या भाचीला हिजाब व जाड कपडे घालून उकाड्यात खेळताना पाहिले. २००४ मध्ये त्यांनी अंग झाकणारा पण हलका असा खेळाचा पोशाख तयार केला, आणि त्यातूनच पोहण्याचा 'बुर्किनी' हा पोशाख जगभर गेला. नायकीसारख्या बलाढ्य कंपनीने खेळाडू स्त्रियांसाठी हिजाब बाजारात आणला तो २०१७ मध्ये. त्याच वर्षी त्या कंपनीने स्त्रियांच्या मोठ्या मापांचीही खास मालिका काढली. म्हणजे एका घरगुती कारागीर बाईला जे २००४ मध्ये दिसले ते मोठ्या कंपनीला दिसायला तेरा वर्षे लागली.

आपल्याकडे फ्यूचर समूहाने 'ऑल' नावाची फक्त मोठ्या मापांची दुकाने काढली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापाच्या कपड्यांचा खास कार्यक्रमही तिने केला. पुढे तो समूह कर्जात बुडाला आणि २०२२ मध्ये त्याची मुख्य किरकोळ विक्रीची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. गिऱ्हाईक मात्र कुठे गेले नाही.

व्यायामाचा कपडा वेगळा कसा?

सैल कुर्ता आणि लेंगा शिवणारा कारागीर म्हणेल, मोठे माप शिवण्यात काय विशेष? विशेष आहे. लग्नाच्या कपड्यात माणूस उभा राहतो आणि बसतो. व्यायामाच्या कपड्यात तो वाकतो, मांडी घालतो, हात वर नेतो, आणि घामाने भिजतो. मोठ्या अंगाच्या माणसाची तक्रार बहुतेक पुढील चार गोष्टींची असते.

१) मांड्या एकमेकांवर घासून कातडी सोलवटणे. चालणे बंद पडण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि लाजेने कोणी बोलत नाही. आतल्या बाजूची जाड शिवण नेमकी तिथे आली की जखम होते.

२) वाकताना आसनात शिवण उसवणे.

३) कमरेचे इलॅस्टिक पोटाखाली गुंडाळत जाणे.

४) ताण आल्यावर कापड विरळ दिसणे.

चारही तक्रारींचा इलाज कापड, कटिंग आणि शिलाईत आहे.

कापड : आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेले कापड ताणत नाही. निट म्हणजे टाक्यांनी गुंफलेले कापड ताणते, पण एकटे सुती निट ताणून सैल पडते. त्यात स्पॅन्डेक्स म्हणजे बाजारभाषेत लायक्रा हा धागा थोडा असला की कापड ताणून परत जागेवर येते. हा धागा १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. कापड घेताना आडवे आणि उभे दोन्हीकडे ताणून पाहावे, सोडल्यावर पूर्ववत होते का ते पाहावे, आणि ताणलेले असताना उजेडासमोर धरावे. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर ते कापड या कामाचे नाही. मोठ्या मापाला फार हलके कापड घेऊ नये. चौरस मीटरला २२० ते २८० ग्रॅम हे वजन ट्रॅक पँट व लेगिंगला ठीक.

सुती की पॉलिस्टर? सुती अंगाला बरे वाटते, पण घाम धरून जड होते आणि ओले झाले की जास्त घासते. पॉलिस्टर लवकर वाळते. कर्जत-खालापूरच्या पावसात जाड सुती कपडा दोन दिवस वाळत नाही, हेही विसरू नये. टी-शर्टला दोन्हीचे मिश्रण आणि पँटला पॉलिस्टर-लायक्रा, अशी वाटणी व्यवहारी आहे. सुती अंश असलेले कापड कापण्याआधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात माप आटते.

माल कुठून आणावा? निटची मोठी केंद्रे म्हणजे तमिळनाडूतील तिरुप्पूर आणि पंजाबातील लुधियाना. पण लहान प्रमाणात सुरुवात करणाऱ्याने तितके दूर जाऊ नये. खोपोलीहून लोकलने कर्जत, नेरळ, बदलापूर करत उल्हासनगर गाठता येते. तिथले गजानन मार्केट आणि जपानी बाजार कापडासाठी प्रसिद्ध आहेत. पहिल्या वेळी काळा, गडद निळा आणि राखाडी या तीनच रंगांत माल घ्यावा.

मापे कशी घ्यावीत?

प्रथम टेप बदला. आपल्या नेहमीच्या टेपची लांबी ६० इंच असते. सीट ६० इंचांच्या वर गेली की टेप संपतो, आणि गिऱ्हाइकाच्या अंगाला दोरी लावून ती मोजण्याची वेळ येते. यासारखा अपमान नाही. १२० इंचांचा टेप बाजारात मिळतो. तो दुकानात असलाच पाहिजे.

नेहमीची छाती, कंबर, सीट, उंची ही मापे पुरत नाहीत. पुढील मापे जास्तीची घ्यावीत.

पोटाचा सर्वांत मोठा घेर, कारण तो कमरेच्या मापाहून वेगळा असतो. दंडाचा घेर. मांडीचा घेर सर्वांत वर. पोटरीचा घेर. आसन पुढून आणि मागून वेगवेगळे, कारण पोट मोठे असेल तर पुढचे आसन वाढते आणि सीट मोठी असेल तर मागचे. शेवटी गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवून सीटचे माप पुन्हा घ्यावे. उभ्याच्या आणि बसल्याच्या मापात पडणारा फरक हीच आसनातली खरी माया.

मापे वहीत इंचांत लिहावीत आणि तारीख घालावी. व्यायाम करणाऱ्याचे माप बदलते. सहा महिन्यांनी तो आला आणि कंबर दोन इंच उतरली असे वहीत दिसले, तर त्याला होणारा आनंद आपल्या दुकानाशी जोडला जातो.

स्त्री गिऱ्हाइकांची मापे घरातल्या स्त्रीने किंवा कामाला ठेवलेल्या बाईने पडद्याआड घ्यावीत. मापाचा आकडा मोठ्याने ओरडून दुसऱ्याला लिहायला सांगू नये. मोठ्या मापाची बाई दुकानाची पायरी चढत नाही त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

कटिंग व शिलाई

आसनात दोन पायांच्या मधे एक चौकट तुकडा घालावा. आपले जुने कारागीर कुर्त्याच्या काखेत चौबगला घालत ते याच तत्त्वावर. हात वर नेला तरी कुर्ता वर ओढला जात नसे. तीच युक्ती पँटमध्ये केली की चार शिवणी एका बिंदूत येत नाहीत, उसवणे थांबते आणि घासणेही कमी होते.

टी-शर्टचा तीरा गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या खऱ्या मापावर ठेवावा, छातीच्या हिशोबाने वाढवू नये. पोटासाठी लागणारी रुंदी बाजूच्या शिवणीत कळी घालून द्यावी. पुढची उंची मागच्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त ठेवावी, नाहीतर पोटावर कपडा वर चढलेला दिसतो.

कमरेला एक इंची इलॅस्टिक घालू नये. दोन इंच किंवा त्याहून रुंद घालावे, मधे एक-दोन उभे टाके मारावेत आणि आत नाडीही द्यावी. रुंद पट्टी गुंडाळत नाही.

निटवर साधा सरळ टाका चालत नाही. कापड ताणते, दोरा ताणत नाही, म्हणून तो तुटतो. ओव्हरलॉक हवेच. मांडीच्या आतल्या शिवणीला फ्लॅटलॉक सर्वांत चांगले, कारण शिवण सपाट बसते. फ्लॅटलॉक यंत्र महाग पडते. ते घेता येईपर्यंत कापून ठेवलेला माल फ्लॅटलॉकच्या कामापुरता दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यावा, किंवा झिगझॅग टाक्याने शिवण दाबून घ्यावी. सुई गोल टोकाची वापरावी. अणकुचीदार सुईने निटचा धागा तुटतो आणि छिद्रे पडतात. दोरा पॉलिस्टरचा घ्यावा.

स्त्रियांसाठी गुडघ्यापर्यंत लांब, पूर्ण बाहीचा, बाजूला चीर असलेला निटचा कुर्ता आणि खाली सैल पँट हा पोशाख आपल्या भागात सर्व समाजांच्या स्त्रियांना पसंत पडेल. आतून आधार देणाऱ्या कपड्याचे काम मात्र नवशिक्याने हाती घेऊ नये. ते वेगळे तंत्र आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत तीन स्त्रियांनी खेळासाठीचा तसा कपडा प्रथम तयार केला. चांगल्या कंपनीचा असा माल मोठ्या मापात मागवून दुकानात ठेवणेच बरे.

दुकानदाराने काय करावे?

पूर्ण सेट घेऊन पैसे अडकवण्याची गरज नाही. प्रत्येक मापाचा एक नमुना-नग अंगात घालून पाहण्यासाठी ठेवावा आणि त्यावरून ऑर्डर घ्यावी. चौथाई रक्कम आगाऊ, आठवड्यात माल. असे केले की पडून राहणाऱ्या मालाची भीती उरत नाही.

लेबलवर केवळ तीन एक्सएल, चार एक्सएल लिहू नये. छाती ५०, कंबर ४८, असे इंच लिहावेत. इंच सगळ्यांना सारखे समजतात. कपडे बदलण्याची खोली दोन माणसे उभी राहतील एवढी असावी आणि आत मजबूत स्टूल असावे.

बोलण्याला सर्वांत जास्त किंमत आहे. "तुमच्या साइझचे नाही" याऐवजी "हे माप तयार नाही, चार दिवसांत करून देतो" असे म्हणावे. पहिल्या वाक्यात कमीपणा गिऱ्हाइकाला, दुसऱ्यात तो दुकानाला. गिऱ्हाइकाला कमीपणा देऊन कोणाचा धंदा वाढलेला नाही.

भांडवल आणि कर

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचा रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. पुढे पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे. ज्यांना व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही त्यांनी कर्ज घेतलेच पाहिजे असे नाही. प्रशिक्षण आणि अवजारांची मदत हे कर्ज नव्हे. ओव्हरलॉक यंत्राच्या खर्चाला त्या रकमेचा चांगला हातभार लागतो. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि अर्जाची नोंदणी सेवा केंद्रावर होते.

कराबाबत एवढे ध्यानात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. आपला माल पहिल्या गटातच येतो. नोंदणी लागते की नाही हे वर्षाच्या उलाढालीवर ठरते, ते आपल्या हिशोबनिसाला विचारून घ्यावे.

सुरुवात कशी करावी?

एकाच वेळी सगळे काढू नये. पहिल्या महिन्यात फक्त ट्रॅक पँट शिवावी. ओळखीतल्या पाच मोठ्या मापाच्या माणसांना ती खर्चाच्या भावात द्यावी, आणि पंधरा दिवस चालून झाल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात : मांडीला घासते का, कमरेवरून उतरते का, बसताना आसनात ओढते का. उत्तरे वहीत लिहून नमुना दुरुस्त करावा. पाच माणसांनी तक्रार केली नाही तर नमुना पक्का समजावा. टी-शर्ट दुसऱ्या महिन्यात, लांब कुर्ता तिसऱ्यात.

कुंभिवलीत शिवलेली पँट घालून एखादी बाई पहाटे रस्त्याने बिनधास्त चालू लागली, की तिच्या शेजारणी कुठून घेतली ते विचारतीलच. या धंद्याची जाहिरात तेवढीच. माप मोठे असो की लहान, जो नीट घेईल त्याच्याकडे माणूस पुन्हा येतो.